सुभेदारिणीचं नाक

साळूबाईच्या नाकाला गावात मान होता. कणगीतली ज्वारी आतून कोंदटली आहे का, लोणच्याला बुरशी धरू लागली आहे का, हे ती झाकण काढताच सांगायची. शेजारची हरणाबाई म्हणायची, "सुभेदारणीच्या नाकाला पलटणीत भरती करा, दुश्मन दोन कोसांवर कळंल."

हे नाक तिनं माहेराहून आणलं होतं. तिचं माहेर सांगलीच्या खाली कृष्णाकाठी, तंबाखूच्या रानात. बापाच्या खळ्यावर वाळत घातलेल्या पानांत खेळत ती वाढली. कुठलं पान उन्हानं वाळलं आणि कुठल्याला दव लागलं, हे तिला डोळे मिटून कळायचं. लग्न होऊन ती वर शिरवळकडच्या गावी आली, तेव्हा बरोबर मिसरी भाजायचा लोखंडी तवा आणला. तंबाखूचं पान त्या तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं आणि सकाळी दाताला लावायचं. गावातल्या सगळ्या बायका मिसरी लावत, पण साळूबाईची मिसरी वेगळी. तव्याचा वास सुटला की हरणाबाई वाटी घेऊन दारात हजर.

गावात ऊस थोडा आणि शिपाई फार. तिचा नवरा नाथाजी मराठा पलटणीत सुभेदारापर्यंत चढला. एकुलता एक सयाजी मिसरूड फुटताच बापाच्याच पलटणीत भरती झाला. बापलेक दोघेही इटलीच्या लढाईवर गेले. १९४४ च्या हिवाळ्यात तार आली ती सयाजीची. कामी आला, एवढंच तिच्यात होतं. बाप जखमी होऊन पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडला आणि पाच महिन्यांनी घरी आला. कानामागं बोटभर लांब व्रण होता.

पहिल्याच दिवशी, हातपाय धुवायला पाणी देताना साळूबाईनं विचारलं, "आवं, आपला सयाजी कसा गेला?"

"लढाईत गेला. समदी जात्यात तसा," सुभेदार म्हणाले आणि तोंड फिरवून पाय धुऊ लागले.

वर्षभरात तिनं हे तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा हेच उत्तर आलं. मग तिनं विचारायचं सोडलं. पण जात्यावर बसली की तोच विचार, रानात भांगलताना तोच. तिला फार काही नको होतं. शेवटच्या दिवशी पोर जेवलं होतं का, कुणाशी काय बोललं, कुठं निघालं होतं, एवढंच. ते जाणणारा माणूस जगात एकच होता आणि तो रोज तिच्या हातची भाकरी खाऊन गप्प बसत होता.

सुभेदारांना वास येत नाही हे तिला ते घरी आल्यावर आठवडाभरातच कळलं होतं. ती विहिरीवर गेली होती. परत आली तर चुलीवरचं दूध उतू जाऊन करपलेलं, घरभर धूर, आणि सुभेदार चुलीपासून चार हातांवर पाइप ओढत स्वस्थ बसलेले.

"आवं, वास न्हाई आला?"

त्यांनी पाइप तोंडातून काढला. "डोस्क्याला मार बसल्यापास्नं कशाचाच येत न्हाई. भाकरी आन् माती सारखीच."

"मग ही विंग्रजी चिलीम कशापायी वढताय?"

त्यांनी पाइप पुन्हा तोंडात धरला.

पाइपाची सवय त्यांना पलटणीतल्या गोऱ्या कप्तानसाहेबाच्या संगतीनं लागली होती. साहेब बेळगावच्या छावणीत होता आणि तिथून दर सहा महिन्यांनी टपालानं चपट्या गोल डब्या पाठवायचा. एक निळ्या झाकणाची, एक पिवळ्या, एक काळ्या. तिन्हींतली तंबाखू विलायती, सौम्य. कितीही ओढली तरी जीभ चावत नाही, असं सुभेदार सांगायचे.

एका दुपारी त्यांनी तिन्ही डब्या सोप्यात मांडल्या आणि तिला हाक मारली. "तुजं नाक लय चांगलं. ह्यांचा वास सांग बरं."

तिनं निळी डबी उघडून नाकाशी नेली. "वाळल्या कडब्यावर सकाळचं ऊन पडलं की येतो तसा. मागनं जरा काकवीचा."

"आन् पिवळी?"

"हिच्यात आंबूसपणा हाय. आमसुलं वाळत घातल्यागत. आन् जुन्या पोथीच्या फडक्यागत."

सुभेदार पुढं सरकले होते. काळी डबी उघडल्यावर ती हसली. "आगं बया! ही तर चुलीवरच्या शिंक्यात टांगली हुती कुणी. निस्ता धूर. गुऱ्हाळाच्या चुलवणात वली लाकडं घातल्यागत."

"आनिक काय?"

"आनिक काय न्हाई."

"नीट बग. आनिक काय तरी आसंल."

तिनं पुन्हा हुंगलं. आणखी काही नव्हतं. सुभेदार मागं टेकले, जणू आलेला पाहुणा दारातूनच परत गेला होता. पण जरा वेळानं ते आपणहून म्हणाले, "सयाजीला ही काळी आवडायची न्हाई. म्हनायचा, आबा, डोळ्यांत पाणी येतंय."

साळूबाईचा हात डबीवरच राहिला. घरी आल्यापासून त्यांच्या तोंडून पोराचं नाव पहिल्यांदाच आलं होतं.

मग हा दुपारचा शिरस्ताच पडला. जेवणं झाली की डब्या निघायच्या. कधी निळीत पिवळीची चिमूट मिसळायची, कधी दोन वाटे निळी आणि एक काळी. ती हुंगायची, सांगायची, आणि मध्येच त्यांच्या तोंडून पोराचा एखादा तुकडा सांडायचा. सयाजी पाइप साफ करून द्यायचा. सयाजीचे बूट भिजले होते. कुठल्याशा गावात एका म्हातारीनं सयाजीला पाव दिला होता. साळूबाई तुकडे गोळा करत होती, पण शेवटचा तुकडा काही येत नव्हता.

एक दिवस सुभेदार म्हणाले, "निस्तं हुंगून कळत न्हाई. धूर तोंडात घ्याया लागतो. एक झुरका मार."

"काय बोलताय? बाईमाणसानं चिलीम वढायची?"

"तोंडाला मिसरी चालती, आन् ही चालत न्हाई व्हय?"

तिनं दाराला कडी घातली. पहिल्या झुरक्याला ठसका लागला. दुसरा तिनं तोंडात धरला, जिभेवर फिरवला आणि सोडला. "निळी तोंडात गेली की गोड व्हती," ती म्हणाली. "आन् पिवळी मागनं टाळूला लागती, कोवळ्या चिचंच्या बुटकासारखी. हुंगून ते कळलं नव्हतं." त्या दिवसापासून ती चाखूनच सांगू लागली. कडी घातली तरी धूर कौलांतून गेलाच. संध्याकाळी पाणवठ्यावर हरणाबाईनं घागर खाली ठेवून विचारलं, "काय गं सुभेदारणी, चिलमीची पेन्शन तुला बी लागू झाली म्हन की!" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साळूबाईनं हसू दिलं. गाव हसलं तरी चालेल, पण दुपार चुकायला नको.

१९४७ च्या उन्हाळ्यात साहेब विलायतेला गेला आणि डब्या यायच्या थांबल्या. पावसाळा सरता सरता निळी आणि पिवळी संपली. काळी अर्धी उरली. साळूबाईला धास्ती पडली. तंबाखू संपली की दुपार संपली, आणि दुपार संपली की हा माणूस पुन्हा दगड होऊन बसणार.

दिवाळीला ती माहेरी गेली, तेव्हा काळ्या डबीतली चिमूटभर तंबाखू लुगड्याच्या पदराला बांधून नेली. भावाबरोबर ती सांगलीच्या पेठेत भूपाळअण्णांच्या वखारीत गेली. अण्णा तंबाखूचे जुने व्यापारी, तिच्या बापाचा माल घ्यायचे. त्यांनी चिमूट कागदावर पसरली, सुईनं पानं वेगळी केली आणि एकेक नाकाशी नेलं.

"अण्णा, तुमी तर तंबाखू खातबी न्हाई, वढतबी न्हाई," ती म्हणाली.

"आक्का, मी जैन माणूस. तोंडाला नेम हाय," अण्णा हसले. "नाकाला कुठं नेम घेतलाय? हे बघा, हे काळं पान परदेशातलं, धुरावर पिकवलेलं. आपल्यात मिळायचं न्हाई. पर त्यात मिसळून वाढवायला त्यातल्या त्यात सौम्य पान देतो. ह्या काळ्याचा वास मारणार न्हाई. जीभ मात्र जरा चावंल. शेवटी देशी ते देशी."

पुडा घेऊन ती घरी आली. देशी पानाला कच्चा उग्रपणा होता. तो जावा म्हणून तिनं मिसरीच्या तव्यावर पान नुसतं शेकलं, काळं होऊ दिलं नाही, आणि बारीक चुरून काळ्या डबीत मिसळलं. सुभेदारांना वास येत नाही, त्यांना कळायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं.

त्या दुपारी सुभेदारांनी पाइप भरला. तिनं चिमट्यानं इंगळ आणून वर धरला. पहिले दोन झुरके त्यांनी घेतले. मग पाइप तिच्या हातात देऊन नेहमीसारखं म्हणाले, "सांग."

तिनं झुरका घेतला. खोटं बोलायचं ठरवून बसली होती, पण नाकाला खोटं बोलायची सवय नव्हती. वास आला तसं ती बोलून गेली, "माज्या मिसरीच्या तव्यागत लागतंय."

सुभेदारांचा चेहरा पांढरा पडला. "काय म्हनालीस?"

तिला वाटलं, चोरी सापडली. "आवं, तंबाखू सरत आली म्हनून मी..."

"काय म्हनालीस ते पुन्यांदा सांग!"

"मिसरीच्या तव्यागत. मी मिसरी भाजती तवा येतो तसा."

सुभेदार दोन्ही हातांनी गुडघे धरून बसले. मग खाली बघत, अडखळत बोलू लागले. "त्यो गेला त्याच्या आदल्या सांजंला पाऊस हुता. माजी तंबाखू सरली हुती. सयाजी रुमालात बांधून मूठभर घिऊन आला. म्हनला, खेचरं हाकणाऱ्या एका गड्यानं दिली. मी काळ्या डबीतला चुरा त्यात मिसळला. आन् त्याला म्हनलं, तू बी वढ. लाजला. बापाम्होरं कसं वढायचं? म्हनलं, उद्या काय व्हईल कुनाला ठावं, वढ. मग त्यानं माज्याकडं पाठ केली आन् झुरका मारला. आन् म्हनला, आबा, ह्याला आईच्या मिसरीच्या तव्याचा वास हाय."

साळूबाई पुढं सरकली. "मग?"

"मग काय न्हाई. हसला."

"सकाळी?"

बाहेर अंगणात कोंबडी माती उकरत होती.

"मीच म्हनलं त्याला," सुभेदार म्हणाले. "म्हनलं, लय झ्याक हाय, त्या गड्याकडनं आनिक मागून आन. गेला. नाल्याच्या पल्याड खेचरांचा तळ हुता. अर्ध्या वाटंत तोफेचा गोळा पडला. मी पळत गेलो तर दुसरा पडला. त्यानं माजं नाक नेलं. लढाईत न्हाई गेला त्यो. माज्या तंबाखूपायी गेला."

अडीच वर्षं जे मागितलं ते तिच्या ओटीत पडलं होतं. ती उठली. डबी उचलून त्यांच्यासमोर धरली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "ह्यात आपल्याकडचं पान हाय. सांगलीचं. मी तव्यावर शेकून मिसळलंय."

सुभेदारांनी डबीकडे पाहिलं. "म्हंजे त्यो गडी आपल्याकडचाच आसंल," ते म्हणाले.

तिनं पाइप कोनाड्यात ठेवला, तवा पालथा घातला आणि आत गेली.

त्यानंतर पंधरा दिवस डबी उघडली नाही. साळूबाई भाकरी वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. सकाळी तिनं दाताला मिसरीही लावली नाही. हरणाबाई वाटी घेऊन आली आणि तशीच परत गेली. सुभेदारही कोनाड्याकडे फिरकले नाहीत. जेवण कमी झालं. दुपारी सोप्यात भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि आतून तिला त्यांची पाठ दिसायची. ती पाठ बघून तिला एकदा पोर आठवायचं, एकदा तोफेचा गोळा. माणसाला काय बोलावं हे तिला कळत नव्हतं. शिव्या द्याव्यात तर ओठावर येत नव्हत्या, आणि जाऊ दे म्हणावं तर तेही येत नव्हतं.

सोळाव्या दिवशी दुपारी तिनं तवा चुलीवर ठेवला. पान शेकलं. सोप्यात पडलेल्या सुभेदारांना त्याचा वास आला नाही. काळ्या डबीत जेवढं उरलं होतं तेवढं सगळं तिनं त्यात चुरलं, पाइप भरला आणि इंगळ धरला. मग बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसली, त्यांच्याकडे पाठ केली आणि एक झुरका घेतला. धूर सोडला. पाइप मागं न बघताच पुढं केला.

"घ्या. त्योच हाय."

सुभेदार उठून बसले. पाइप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. "तुजा राग?"

"हाय," ती म्हणाली. "आन् जायचा न्हाई. वढा, न्हाईतर इझंल."

त्यांनी ओढला. एक, दोन, तीन. वास नव्हता, चव नव्हती. फक्त जिभेच्या टोकाला काहीतरी टोचत होतं.

"जीभ चावती जरा," ते हळूच म्हणाले.

"चावू द्या," साळूबाई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.