बिरप्पाचा लाल खडा

उत्तरेकडच्या एका डोंगरी भागात आमची पोस्टिंग झाली, तेव्हा मी नायक होतो आणि बिरप्पा लान्स नायक. कंपनीचा बेस देवदारांच्या जंगलात होता. तिथून एक पायवाट चार किलोमीटर उतरत नाल्यापर्यंत जायची. तिकडे त्याला नाला म्हणतात, पण पाण्याला ओढ आमच्या नदीपेक्षा जास्त. नाल्यावर दोन ओंडके टाकून केलेला पूल होता. पलीकडे चढ आणि त्या चढावर आमचा पेट्रोलिंगचा, म्हणजे गस्तीचा भाग. दहा जणांची पेट्रोल सकाळी निघायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची.

पहिल्या दिवशी ती वाट उतरताना बिरप्पा मागून म्हणाला, "माधू, ही तर आपलीच वाट हाय की. नुसता गारठा जास्त हाय."

आपली वाट म्हणजे गावाकडची. सीमाभागातल्या मन्नाएखेळ्ळीपासून आत आठ किलोमीटरवर आमचं गाव आहे. मारुतीच्या पारापासून पळायला सुरुवात करायची. तुरीच्या रानांमधून फॉरेस्टच्या सागात शिरायचं. साग संपतो तिथे नदीकाठी एक सपाट खडक आहे. खडकापासून पुढं काठानं बंधाऱ्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं मागं यायचं. एकूण अंतर साडेसहा किलोमीटर. भरतीच्या आधी दोन वर्षं आम्ही दोघे रोज ही वाट पळलो. मी शेतकऱ्याच्या घरातला, बिरप्पा मेंढरं राखणाऱ्या घरातला. तो कायम माझ्या पुढं असायचा. नायकाची फीत मला आधी लागली, तेव्हा तो म्हणाला होता, "फीत लागली म्हणून काय झालं? पळतोस अजून म्हशीवानीच."

या वाटेला एक नियम होता. तो बिरप्पाच्या वडिलांनी आम्हाला घालून दिला होता. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. त्यांच्या तरुणपणी पाच-सहा जण मेंढरं घेऊन सकाळी जंगलात पांगायचे. जाताना प्रत्येकजण त्या सपाट खडकावर आपला खडा ठेवायचा. संध्याकाळी परतताना ज्याचा त्यानं उचलून खिशात टाकायचा. शेवटी येणाऱ्याला आपल्याशिवाय आणखी एखादा खडा दिसला, तर त्यानं घरी जायचं नाही, मागं फिरून बघायचं. कुणाशी भांडण असो, बोलणं बंद असो, मागं फिरायचं. आम्ही पळणारे दोघेच होतो, तरी अप्पांनी हा नियम आम्हाला लावला. बिरप्पाचा खडा आमच्याकडच्या लाल दगडाचा होता, सुपारीएवढा. तो त्यानं फौजेतही जवळ ठेवला.

नाल्याच्या अलीकडच्या काठावर एक सपाट दगड होता. बिरप्पानं पहिल्याच आठवड्यात तिथं खडा ठेवला आणि आम्हालाही ठेवायला लावला. पेट्रोलचे प्रमुख सुभेदार साहेब हसले.

"ये फौज है, भेड़ों का झुंड नहीं."

"साहब, झुंड में भी कोई छूटना नहीं चाहिए," बिरप्पा म्हणाला.

साहेब पुढं चालू लागले. महिन्याभरात तेही खडा ठेवू लागले. मोजणी तर फौजेत होतेच, दिवसातून अनेकदा. पण पलीकडे गेल्यावर पेट्रोलच्या दोन तुकड्या व्हायच्या आणि परतायच्या वेळा वेगळ्या असायच्या. पुढची तुकडी नाला ओलांडून गेली की नाही, हे खडे बघून लगेच कळायचं. त्याचा उपयोग सगळ्यांना पटला होता.

त्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. दहा जण, दगडावर दहा खडे. सिपाही मोरे आमच्यात नवा होता. सातारा भागातला, कंपनीत येऊन तीन आठवडे झालेले. त्याचा खडा पांढरा होता. पलीकडे गेल्यावर सुभेदार साहेबांबरोबर चार जण डोंगराच्या धारेवर गेले, त्यात मोरे. माझ्याबरोबर चार जण जंगलाच्या कडेनं गेले, त्यात बिरप्पा.

दुपारी एकच्या सुमाराला धारेवर मोरेला उलट्या सुरू झाल्या. डोकं धरून तो खाली बसला. उंचीचा त्रास होता. तेव्हाच आमचंच सामान पोचवून परतणारे घोडेवाले तिथून जात होते. साहेबांनी मोरेला त्यांच्याबरोबर घोड्यावर बसवून बेसला पाठवलं. घोडेवाले ओंडक्यांवरून जात नसत. ते वरच्या गावच्या पुलावरून जात. साहेबांनी हे आम्हाला वायरलेस सेटवर कळवायचा प्रयत्न केला होता. डोंगर मध्ये होता. आमच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. हे सगळं मला नंतर समजलं.

तीन वाजता पाऊस सुरू झाला. साहेबांची तुकडी आधी उतरली. ते चौघे नाला ओलांडून, नियमाप्रमाणे आपापले चार खडे उचलून बेसकडे निघून गेले. आम्ही चार चाळीसला नाल्यावर पोचलो. पाणी ओंडक्यांच्या हातभर खाली होतं. सकाळी ते पुरुषभर खाली होतं. दोर बांधून आम्ही एकेक करून आलो. बिरप्पा शेवटी. पाच खडे उचलले. पांढरा खडा राहिला.

मी सेट उघडला.

"अल्फा, ब्राव्हो बोल रहा है. मोरे आपके साथ है? ओव्हर."

नुसती खरखर. तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. ओल्या दगडाकडे बघत आम्ही पाच जण उभे होतो. आजारी, नवा मुलगा, वाट चुकलेला, पावसात पलीकडे एकटा: प्रत्येकाच्या मनात हेच होतं. 

बिरप्पानं खिशातला लाल खडा काढला आणि परत दगडावर ठेवला.

"माधू, शेवटचा मी हाय."

"पंधरा मिनिटं," मी म्हणालो. "वळणापर्यंतच. पुढं जायचं न्हाई."

"व्हय."

परवानगी मी दिली. तुकडी माझी होती. आजही तोच दगड, तोच पाऊस आणि एक खडा समोर असेल, तर मी देईन. यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

तो दोर कमरेला लावून पलीकडे गेला, तिथे सोडला आणि झाडीत शिरला. त्याच्या हाका आम्हाला ऐकू येत होत्या. "मोरे. ए मोरे." मग पाण्याच्या आवाजात त्याही ऐकू येईनात. चार पंचावन्नला तो काठावर दिसला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यानं फुली केली. म्हणजे कुणी नाही. मग दोर घ्यायला तो खाली वाकला आणि काठच सुटला. माती, ओंडक्यांची टोकं आणि बिरप्पा, सगळं एकदम पाण्यात गेलं. मी दुसरा दोर फेकला. तो पाण्यावर पडला. धरायला कुणी नव्हतं.

अंधार पडेपर्यंत आम्ही काठानं शोधलं. मी दोन्ही खडे खिशात घातले आणि बेसवर आलो. लंगरमध्ये, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, कांबळं गुंडाळून मोरे बसला होता. पुढ्यात चहाचा मग होता. आम्हाला बघून तो उभा राहिला.

"बिरूदादा मागं आहेत का?" त्यानं विचारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बिरप्पा तीन किलोमीटर खाली सापडला.

पार्थिवाबरोबर मला गावी पाठवलं. सलामी झाली, अंत्यविधी झाला. पाचव्या दिवशी अप्पांनी मला वाड्यावर बोलावलं. आमच्याकडे मेंढरांच्या कुंपणाला वाडा म्हणतात. ते एका कोकराचा पाय बघत होते. कोकरू न सोडताच त्यांनी विचारलं, "खडा कुणाचा ऱ्हायला व्हता?"

"एका नव्या पोराचा. मोरे म्हणून हाय."

"घावला का त्यो?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. कंपनीतल्या दोघांनी तसं सुचवलंही होतं, म्हाताऱ्याला तेवढाच आधार. मी खरं सांगितलं. मोरे दुसऱ्या पुलावरून दुपारीच बेसला पोचला होता. पलीकडे कुणीच नव्हतं.

 कोकराच्या पायातला काटा अप्पांनी काढला आणि त्याला कळपात सोडलं.

"खडा तर तितंच व्हता न्हवं?"

"व्हय अप्पा."

"मग त्यानं जायालाच पायजे व्हतं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्या पोराला बोल लावू नका. एवढंच सांगा, कुठल्याबी वाटेनं आलास तरी खडा उचलायला जा म्हणावं."

मी निरोप पोचवला आणि पांढरा खडा मोरेच्या हातात दिला. पुढं आम्ही सहा वर्षं एका कंपनीत होतो. एकदा ताप आल्यानं त्याला दुसऱ्या वाटेनं आधीच बेसवर आणलं होतं, पेट्रोल परतली होती, आणि हा कांबळं पांघरून खडा उचलायला निघालेला मी पाहिला. मी अडवलं नाही. एक माणूस सोबत दिला.

आता मी पेन्शनवर आहे. शेती बघतो. रोज सकाळी गावातली चौदा मुलं-मुली भरतीच्या तयारीसाठी माझ्याबरोबर त्याच वाटेवर पळतात. बंधाऱ्यापासून एक पाणंद थेट गावात जाते. मागच्या महिन्यात एकजण त्या पाणंदीनं खडा न उचलता घरी गेला. मी घरी जाऊन त्याला परत पाठवलं. त्याची आई दारातच म्हणाली, "एका खड्यापायी पोराची कालेजची बस चुकवलासा की ओ भाऊजी." मी चुकवली होती. पुन्हाही चुकवीन.

गेल्या सोमवारी रेणुका नावाची मुलगी पहिल्यांदा आली. खड्याचा नियम तिला निघतानाच सांगितला होता. ती सगळ्यात मागं होती. खडकाशी तिनं आपला खडा उचलला, बाजूला बघितलं आणि बंधाऱ्याच्या दिशेनं परत वळली. आधीच तिला धाप लागली होती.

"कुठं जायलीस?" मी विचारलं.

"एक खडा ऱ्हायलाय, काका. कुणीतरी मागं हाय. बघून येते."

"तो असू दे," मी म्हणालो. "तो लान्स नायक बिरप्पाचा आहे."

खडकाला टेकून मी तिला हे सगळं सांगितलं, जेवढं इथं लिहिलं आहे तेवढंच. तो लाल खडा मी अप्पांच्या हातात दिला होता आणि अंत्यविधीच्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं तो तिथं ठेवला होता. अप्पा गेले. नदीला दोनदा पूर आला, दोन्ही वेळा तो मी आधी उचलून घरी नेला आणि पाणी उतरल्यावर परत ठेवला.

तिनं ऐकून घेतलं. खड्यावर वाळू उडाली होती, ती बोटानं पुसली. मग तिनं एकदा काठाकडं, बंधाऱ्यापर्यंत नीट बघून घेतलं, आणि आम्ही गावाकडं पळायला लागलो.