तिची बाबागाडी, माझी मोटार

मला त्या गाडीची किळस यायची. शब्द जरा जास्त वाटेल, पण आता खरं बोलायचं ठरवलंय तर तोच बरा. टीव्हीवर खेळायचा एक कार्टूनवाला शर्यतीचा खेळ. शर्यतीआधी गाड्यांची रांग समोर येते, त्यातली एक निवडायची. एवढ्या दणकट गाड्या असताना माझी मुलगी दरवेळी रांगेच्या टोकाची गुलाबी गाडी उचलायची. लेकरांना फिरवायची बाबागाडी असते ना, तिला इंजिन लावल्यासारखी. बोराएवढी चाकं, वर झालरीचं छप्पर, आणि आवाज म्हणजे निव्वळ शिलाई मशीन. खेळात तिला काहीतरी इंग्रजी नाव होतं. मी ते कधी तोंडाने घेतलं नाही.

मी गाड्या विकणारा माणूस. नांदेडच्या एका दुचाकी शोरूममध्ये केस पांढरे झाले. गिऱ्हाइकाच्या चपलेकडे बघून मला कळतं, हा काय घ्यायला आलाय. आणि त्याला काय घ्यायला लावायचं, तेही. त्यामुळे या खेळातल्या पट्ट्या लगेच समजल्या. प्रत्येक गाडीखाली वेग, वजन, पिकअप, वळण. बाबागाडीची वेगाची पट्टी नखाएवढी.

"असली गाडी मी भंगारातसुद्धा घेणार नाही," मी म्हणायचो.

"तुम्हाला कोण विकून राहिलंय?" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची. "पिकअप बघा तिचा. पडली तरी लगेच उठते."

"पण पडायचंच कशाला?"

यावर ती पुढची शर्यत सुरू करायची.

हे सगळं लातुरातलं. आमच्याकडे लेकरू दहावी झालं की अर्धं घर लातूरला जातं. आई पोराबरोबर खोली करून राहते, बाप गावाकडून ज्वारी-डाळ पोचवतो. आमचं उलटं झालं. बायको नांदेडला नर्स, तिला सुट्टी मिळेना. म्हणून मीच मालकाच्या लातूरच्या शोरूमला बदली मागून घेतली. इथे चौकाचौकात क्लासचे फलक आणि त्यांवर मेडिकलला लागलेल्या पोरांचे हसरे चेहरे. त्यात आपल्या पोरीचा फोटो कुठे बसेल, ते मी रोज स्कूटरवरून बघत जायचो. ती एकदा हुकली, मग दुसऱ्यांदा हुकली. खेळाचं यंत्र तिच्या मामाने दिलेलं. जेवण झाल्यावर एक-दोन शर्यती, बस. तेवढ्याही मला खुपायच्या.

दुसऱ्या निकालानंतर ती म्हणाली, "पप्पा, मला डॉक्टर नाही व्हायचं. शेतीची बी.एस्सी. करायचीय. मला मातीचं शिकायचंय."

"आपल्या सात पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबल्या, म्हणून मी आज शोरूमच्या एसीत बसतोय. आणि तू परत मातीत?"

"मी दुसऱ्याच्या शेतात राबायला चाललेय का?"

मी हसलो. गिऱ्हाईक अडलं की मी असंच हसतो. म्हणालो, "बरं, एक काम करू. रविवारी तुझ्याच खेळात एक शर्यत. तू जिंकलीस तर बी.एस्सी. मी जिंकलो तर तिसऱ्यांदा बॅच."

"शब्द?"

"शब्द."

लेकीचं पुढचं आयुष्य मी टीव्हीवरच्या पैजेवर टांगलं, आणि हे मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं.

ती बाहेर गेली की मी दुपारी जेवायला म्हणून यायचो आणि सराव करायचो. मी सगळ्यात मोठी गाडी घेतली. काळी, ट्रॅक्टरच्या चाकांची, वेगाची आणि वजनाची पट्टी भरभरून. ती प्रत्येक वळणावर दरीत जायची. मेनूत चाचपडताना मदतीचा एक पर्याय सापडला. तो चालू केला की गाडी कडेला गेली तरी आपोआप आत वळते. लहान पोरांसाठी ठेवलेली सोय. मी ती चालू करून ठेवली आणि पोरीला बोललो नाही. गाडीच्या पाठीवर एक बारीक अँटेना उगवला. जन्मभर लोकांच्या गळ्यात सीटकव्हर आणि क्रॅशगार्ड मारणारा मी. मला वाटलं, शोभेचं काहीतरी फुकटात मिळालं.

रविवारी ती मजेत होती. "लिंबू ठेवा की पप्पा टायरखाली. नवी गाडी आहे तुमची."

पडद्याचे दोन भाग झाले. वर ती, खाली मी. गाड्या रेषेवर उभ्या राहिल्या आणि तिची नजर माझ्या गाडीच्या पाठीवर गेली. तिथेच राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"काय गं?"

"काही नाही. चला."

शर्यतभर बाबागाडी पुढे होती. बोराएवढ्या चाकांवर ती अशी वळायची की बघवत नव्हतं. शेवटच्या फेरीत तर मी तिला दिसतही नव्हतो. आणि शेवटची रेषा हाताच्या अंतरावर असताना बाबागाडी थांबली. मला वाटलं रिमोटचा सेल गेला. माझी काळी गाडी मागून आली आणि तिच्या शेजारून पुढे गेली.

मी ओरडलो. खरंच ओरडलो, पन्नाशीला टेकलेला माणूस. "बघ! ढकलगाडी ती ढकलगाडीच! ऐनवेळी दम सोडला!"

तिने रिमोट खाली ठेवला, "बरं" म्हणाली आणि बायोलॉजीचं पुस्तक काढलं. मी नांदेडला फोन करून बायकोला सांगितलं, पोरगी स्वतःहून तयार झाली.

त्यानंतर ती खेळाकडे फिरकली नाही. शोरूमच्या एका सुट्टीला मीच तो लावला. म्हटलं, मदत बंद करून बघू, आता जमतं का. बंद केली तर अँटेना गेला. चालू केली, आला. परत बंद केली. चोर पाठीवर पाटी लावून चोरी करत होता, आणि ती पाटी वाचता येत नव्हती ती फक्त त्यालाच.

तरी मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं. मग एक दिवस औशाहून एक बाप-लेक शोरूमला आले. पोरीने हलकी स्कूटर धरली होती. मी बापाला म्हणालो, "काका, ही गाडी हाय का खेळणं?" आणि जड गाडी त्यांच्या माथी मारली. पोरगी हँडलवरून हात काढून बाजूला झाली. कागदपत्रांवर सह्या घेताना मला माझाच आवाज ऐकू येत होता.

संध्याकाळी मुलगी मोरीत डबा घासत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "त्या दिवशी मी मदत चालू ठेवली होती."

"माहीत आहे."

"मग थांबलीस कशाला? जिंकत होतीस."

"जिंकले असते तर तुम्ही म्हणाला असता, अगं, ती गंमत होती."

मी हेच म्हणालो असतो. अगदी याच शब्दांत.

"आणि तुम्हाला जिंकू दिलं नसतं," ती म्हणाली, "तर तुम्ही पुढच्या रविवारी आणखी काहीतरी चालू करून आला असता. मला कंटाळा आला, पप्पा."

"उद्या क्लासच्या ऑफिसात जातो. बॅच बंद करू."

"तुम्ही नका जाऊ." तिने डबा पालथा घातला. "तुम्ही नांदेडला जा. इथलं माझं मी बघते."

मी गेलो. तिने बॅच सोडली, पण तोवर बी.एस्सी.चे प्रवेश संपले होते. ते वर्ष मी खाल्लं. ती लातूरलाच राहिली. एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुन्यांना चिठ्ठ्या लावते आणि पुढच्या प्रवेशाची वाट बघते. फोन आईला करते. मी शेजारी बसून ऐकतो.

परवा फोन ठेवल्यावर मी बायकोला विचारलं, "प्रवेशाच्या दिवशी मी जाऊ का? गाडीवर नेऊन सोडतो कॉलेजला."

"विचारलं मी. आलात तर गेटबाहेर उभं राहा म्हणाली. आत यायचं नाही आणि कुणाला काही समजवायचं नाही."

"मग जाणार कशी?"

"ऑटोने," बायको म्हणाली. "तिची ती."