बसमध्ये न हरवलेली फाईल

मेडशीच्या त्या मुलीची फाईल एसटीत हरवली नव्हती. ती माझ्या मोटरसायकलच्या डिक्कीत होती. हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अकोल्याच्या डॉक्टरबाईंनाही नाही. त्या बाईंना तर मी शाळेत छड्या का खाल्ल्या इथपासून सगळं सांगून बसलो आहे. एवढंच तेवढं राहू दिलं.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात एका ज्युनिअर कॉलेजात मी क्लार्क आहे. आमच्याकडे क्लार्कला बाबू म्हणतात. वय आता पन्नाशीला टेकलं. गावात मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, तो आधी हसेल. मी वाशीमहून घरी यायला निघालो आणि विचारात कारंज्याच्या गाडीत बसलो, हे लोकांना पाठ आहे. दूध गॅसवर ठेवून मी चपला शिवायला गेलो, हेही पाठ आहे. बायको म्हणते, "देवानं तुमाले डोकं देलं, पन त्याले झाकण लावाचं इसरला." ती हे पाहुण्यांसमोर म्हणते आणि मीही हसतो. हसलं की पुढचं कोणी विचारत नाही. ही युक्ती मला चौथीतच सापडली होती.

नोकरीत मी तरलो तो आमच्या शिपाईकाकांमुळे. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, सातवी शिकलेले, डोक्यावर कायम पांढरी टोपी. सकाळी टेबल पुसता पुसता ते मला दिवस सांगायचे. "बाबू, आज दोन टीसी द्यायच्या हायेत. प्राचार्यांची सही राह्यली त्या कागदावर. अन् चष्मा शर्टाच्या खिशात हाय, शोधू नका." मी त्यांना कधी असं करायला सांगितलं नव्हतं. त्यांनीही हे माझ्यासाठी चाललंय असं कधी दाखवलं नाही. जसं झाडायचं, घंटा द्यायची, तसं बाबूला आठवण द्यायची. प्राचार्यांना वाटायचं, बाबू जरा धांदरट आहे पण काम होतं. काम कसं होतं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. बारावी सायन्सच्या मुलांचे जात पडताळणीचे प्रस्ताव वाशीमच्या समितीकडे पाठवायचे होते. मुलं फाईल आणून देतात, मी कागद तपासतो, प्राचार्यांचा सही-शिक्का घेतो, जावक रजिस्टरला नोंद करतो, गठ्ठा बांधतो आणि काका तो एसटीने घेऊन जातात. पडताळणीचा कागद वेळेत हाती नसला तर राखीव जागेवरचा प्रवेश जातो. त्यामुळे त्या दिवसांत पालक रोज ऑफिसच्या दारात उभे असायचे.

मेडशीची ती मुलगी बौद्ध घरातली. वडील सोयाबीन काढायला, हळद काढायला जिथे काम असेल तिथे जायचे. तिला सरकारी कॉलेजात नर्सिंगची डिग्री करायची होती आणि तेवढे मार्क ती नक्की घेणार, असं आमचे सगळे सर म्हणायचे. तिच्या फाईलमधला सगळ्यात किमती कागद म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल. धर्म बदलण्याच्या आधीची नोंद, जुन्या जातीच्या नावासकट. जे नाव घरानं टाकून दिलं, तेच कागदावर दाखवल्याशिवाय नातीला जागा नाही. त्या शाळेतलं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं होतं. वडिलांनी मजुरी बुडवून चार महिने चकरा मारल्या तेव्हा ते एक पान निघालं. फाईल देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली आणि म्हणाले, "बाबू, हे एकच हाय."

आता चूक सांगतो. रजिस्टर भरायचं म्हणजे मला डोंगर चढण्यासारखं. म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. डोकं जागेवर आहे असं वाटलं की गठ्ठा बांधायच्या आधीच सगळ्या नावांची जावक नोंद करून टाकायची. नंतर विसरायला नको. त्या दिवशीही संध्याकाळी सगळी नावं लिहिली, सोबतच्या यादीवर सही घेतली आणि मग लक्षात आलं की मेडशीच्या फाईलमध्ये एका कागदाची झेरॉक्स कमी आहे. फाईल घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथे लाइट नव्हती. तेवढ्यात एक जण भेटला, त्याच्या बोअरची मोटर जळाली होती. मोटर म्हटलं की मी गेलोच. फाईल डिक्कीत टाकली आणि त्याच्या शेतात जाऊन अंधार पडेपर्यंत मोटर उघडून बसलो. मोटर सुरू झाली. घरी आलो तेव्हा फार दिवसांनी मी खूश होतो.

सकाळी टेबलावरच्या फायलींचा गठ्ठा मी न मोजता बांधला आणि काका तो घेऊन गेले. वाशीमच्या खिडकीवर फायली मोजल्या तर एक कमी. त्यांनी यादीतल्या त्या नावावर लाल रेघ मारून दिली. दुपारच्या गाडीनं काका परत आले आणि यादी माझ्यापुढे ठेवली. मी म्हणालो, मी तर दिली होती.

हे बोललो तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या डोक्यात डिक्की नव्हतीच. झेरॉक्सचं दुकानही नव्हतं. मोटर तेवढी होती. जावक रजिस्टर उघडलं तर त्यात माझ्या अक्षरात तिचं नाव, आदल्या दिवसाच्या तारखेला. प्राचार्यांनी ते पाहिलं, काकांकडे पाहिलं. काकांनी रजिस्टरातल्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाबूनं लिहलं तर असनच. गाडीत गर्दी होती. माया हातूनच पडली असन."

त्यांनी भांडायला हवं होतं. ते म्हणाले असते की गठ्ठा मी सोडलाच नाही, मांडीवर धरून होतो, तर कदाचित मी आठवायला बसलो असतो. पण वीस वर्षं ते माझी आठवण सांभाळत होते, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला.

पुढचे दिवस ते डेपोत जाऊन विचारत राहिले. कंडक्टरला भेटले, गाडी झाडणाऱ्यांना भेटले. ऑफिसचं कपाट त्यांनी तीनदा रिकामं करून भरलं. एका रविवारी स्वतःच्या खर्चानं मेडशीला जाऊन मुलीच्या वडिलांपुढे हात जोडून आले. वडिलांनी बसवलं, पाणी दिलं, असं त्यांनी मला सांगितलं. "शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं बाबू."

फाईल मला पाचव्या दिवशी सापडली. पोलिसांनी नाक्यावर गाडीचे कागद मागितले, डिक्की उघडली तर वरच ती. मी कागद दाखवले, डिक्की बंद केली आणि ऑफिसला गेलो.

शेवटची तारीख तेव्हा उलटून गेली होती. पण प्राचार्यांनी आदल्याच दिवशी म्हटलं होतं, आठवड्यात सापडली तर पत्र लावून पाहू, घेतीलही. म्हणजे रस्ता होता. प्राचार्यांच्या केबिनपर्यंत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी दारापर्यंत गेलो. आत बसलेल्या काकांना प्राचार्य सांगत होते की यापुढे बाहेरगावचं काम तुमच्याकडे नाही, फक्त गेट आणि घंटा. काका मान हलवत होते. मी परत फिरलो.

मग मी उपाय शोधायला लागलो. कपाटात ठेवून 'सापडली' म्हणावं, तर कपाट काकांनीच तीनदा पाहिलेलं. टपालानं पाठवावी, तर माझं अक्षर सगळ्या वाशीमला माहीत. उद्या पाहू म्हटलं. उद्याचा दिवस मला नेहमीच मोकळा दिसतो. आठवडा गेला.

मुलीचं ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी वडिलांनी पुन्हा चकरा मारून नक्कल मिळवली, पडताळणीही झाली. पण तोवर आईचं ऑपरेशन आलं आणि घर सांभाळायला तीच उरली. आज ती मालेगावात एका मेडिकलच्या काउंटरवर काम करते. गोळ्यांची नावं तिला तोंडपाठ आहेत, आणि म्हातारी माणसं तिलाच विचारतात की ही जेवणाआधी की नंतर. मला पाहिलं की म्हणायची, "या सर, काय देऊ?" मी त्या दुकानात आता जात नाही.

दोन वर्षांपूर्वी मला वाटायला लागलं की माझा मेंदूच खराब होत चालला. वडिलांना शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, तसंच माझं होणार. बायको जबरदस्तीनं अकोल्याला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी आत्ताचं फारसं विचारलंच नाही, लहानपणाचं विचारत राहिल्या. वर्गात बाकावर स्थिर बसवत होतं का, वस्तू हरवायच्या का, आवडीचं काम मिळालं की जेवणाची शुद्ध राहायची का. शेवटी त्यांनी नाव सांगितलं. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार. मी म्हणालो, हे तर लहान पोरांचं असतं ना. त्या म्हणाल्या, पोरं मोठी होतात, मग याचं काय होतं असं वाटतं तुम्हाला?

येताना गाडीत बायको डॉक्टरबाईंचा कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. मालेगाव आलं तेव्हा म्हणाली, "मले काय मालूम होतं. मी उगा झाकण झाकण करत बसली." तिचे डोळे भरले होते. मला तिची समजूत घालता आली नाही, कारण मला माफी मिळत होती आणि ती मला घ्यायची नव्हती.

आता सकाळी एक गोळी असते. मोबाइलमध्ये अकरा अलार्म आहेत. किल्ली गळ्यात असते, शाळेतल्या पोरासारखी. टेबलावर एका वेळी एकच फाईल, बाकीच्या मागच्या रॅकमध्ये. गठ्ठा बांधून झाल्यावरच जावक नोंद, आधी नाही. हा नियम मी लाल पेनानं लिहून भिंतीला चिकटवला आहे. नवीन प्राचार्य म्हणाले, बाबू, तुमची शिस्त पाहण्यासारखी आहे.

गोळीच्या पहिल्या दिवशी मी सलग तीन तास सेवापुस्तकं लिहिली. उठलो नाही, चहा मागवला नाही. आनंद व्हायला पाहिजे होता. त्याऐवजी मनात आलं, की एवढंच होतं तर. आणि दुपारनंतर ती फाईल डोक्यात आली आणि गेलीच नाही. आधी कसं व्हायचं, अपराधही माझ्याकडे टिकायचा नाही. वाईट वाटायचं, मग कोणाची तरी मोटर जळायची, रेडिओ बिघडायचा, दोन-दोन महिने मी ती गोष्ट खरंच विसरून जायचो. आता लक्ष टिकतं. नको त्या गोष्टीवरही टिकतं. महिन्यातून एकदा अकोल्याला जायचं तर गाडी मेडशीवरून जाते, दोन मिनिटं थांबते. मी खिडकीची जागा घेत नाही.

डॉक्टरबाई म्हणतात, स्वतःला इतका दोष देऊ नका, हा आजार आहे. त्यांना अर्धंच माहीत आहे. डिक्कीत विसरलो तो आजार. पाचव्या दिवसानंतर जे केलं ते मी पूर्ण शुद्धीत, दररोज, लक्ष देऊन केलं. हे त्यांना सांगितलं तर त्या त्यालाही एखादं नाव देतील अशी भीती वाटते. आणि त्या नावासकट गावात सांगितलं तर लोक म्हणतील, बाबूनं आता आजाराचं सर्टिफिकेट काढलं. दोन्हीकडून दार लागलेलं आहे, आणि कडी मीच आतून लावली आहे.

गेल्या वर्षी काका रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मानपत्र मीच लिहिलं, वाचलंही मीच. 'प्रामाणिक' हा शब्द त्यात तीनदा होता. मग काका बोलायला उभे राहिले. माईक त्यांना धरता येत नव्हता, मी धरून ठेवला. ते म्हणाले, सगळ्यांनी सांभाळून घेतलं. बाबूनं तर भावासारखं घेतलं. मग टोपी नीट केली आणि म्हणाले,

"एका पोरीचं वरीस माया हातून गेलं. तेवढं एक मनात हाय. जमलं तर माफ करजा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माईक माझ्या हातात होता. चालू होता. मी तो बंद करून टेबलावर ठेवला.

त्यानंतर मी त्यांच्या गावी दोनदा गेलो. एकदा पेन्शनचे कागद घेऊन, एकदा नुसताच. दोन्ही वेळा त्यांनी खाट टाकली, चहा केला, आणि निघताना म्हणाले, बाबू, किल्ली घेतली का. दोन्ही वेळा मी घेतली म्हणालो आणि गाडीला किक मारली. अलार्म लावून पाहिला. 'काकांना सांगणे' असं लिहिलं होतं. वाजला, बंद केला.

फाईल माझ्या घरी कपाटावर आहे, आजोबांच्या नोंदीच्या पहिल्या नकलेसह. ती त्या मुलीच्या घरची आहे, ती परत करायची आहे, आणि तिचं वर्ष कोणामुळे गेलं हे तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. त्याआधी काकांना सांगायचं आहे की त्यांच्या हातून काहीही पडलं नव्हतं. आठ वर्षांत मी हे केलेलं नाही. आजही केलेलं नाही, नुसतं लिहिलं आहे.