डावी बाजू

सकाळी दूध घेऊन परतत होते, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांची नवी गाडी उभी होती. चारही दारं उघडी, सीटवरची प्लॅस्टिकची आवरणं तशीच, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. जवळून जाताना आतून वास आला. कोरं रबर, कोरं कापड, आणि ज्यात अजून कुणी राहिलेलं नाही अशा जागेचा परका, थंड वास. लोकांना तो फार आवडतो म्हणे. मी मात्र दुधाची पिशवी सावरत झपझप पुढे निघाले. तुमचंही होत असेल असं कधी. सगळे पेढे खात असतात, आणि आपल्याला त्याच क्षणी एखादी दुपार आठवते, जी आपण कुणाला धड सांगितलेली नसते.

आमची लेक फिजिओथेरपिस्ट झाली, त्या वर्षाची ही गोष्ट. निकाल लागून दोन महिने झाले नव्हते, तेवढ्यात तिला घरोघरी जाऊन उपचार करण्याचं काम मिळालं. पेशंट सगळे विखुरलेले. एक नवघरात आमच्या मागच्याच गल्लीत, एक काशीमीऱ्याला, आणि तीन तर थेट समुद्रकाठी उत्तनला. उत्तनला जायला रिक्षा मिळते, परतीला मिळेलच असं नाही. व्यायामाचं सामान खांद्यावर घेऊन ती भर उन्हात कोळीवाड्याच्या वळणावर उभी राहायची, आणि घरी यायची तेव्हा तिचाच खांदा शेकायला लागायचा. एका संध्याकाळी तिने जाहीर केलं, "मी गाडी घेतेय. छोटी, साधी. हप्ता माझ्या पगारातून."

ह्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला आमचं लग्न ठरल्याचा दिवस आठवला. रत्नागिरीहून विशीत आलेला हा माणूस उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आला होता. कंपनीच्या साहेबांच्या, त्यांच्या पाहुण्यांच्या, त्यांच्या मुलांना शाळेत सोडायच्या. गाडी पुसताना ह्यांचा हात असा फिरायचा, जसा आपण तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतो. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात ह्यांचे हात नुसते मांडीवर पडून असायचे.

मग तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. लेक मोबाईलवर तक्ते काढायची, कुठल्या गाडीत एअरबॅग किती, ॲव्हरेज किती, धडक बसली तर पत्रा कसा चेपतो. हे शोरूममध्ये जाऊन दार उघडायचे, मिटायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "ही फसवी आहे." ह्यांना हवी होती उंच गाडी. काच मोठी, बैठक उंच. "रस्ता दिसला पाहिजे गं," हे पुन्हा पुन्हा म्हणायचे. लेक म्हणायची, "पप्पा, उत्तनच्या बोळात ती वळणार कशी? आणि तिच्यात साधा हँडब्रेकसुद्धा नाही, बटण आहे नुसतं." मी भाजी निवडत दोघांचं ऐकायचे. दिसला पाहिजे, हे शब्द ऐकले की माझा हात थांबायचा.

कारण मला ठाऊक होतं. जेवताना ताटाच्या डावीकडची चटणी तशीच राहायची. मी डाव्या बाजूने चहा ठेवला की कप कलंडायचा. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा, आणि हे चौकटीवरच चिडायचे. विचारलं तर म्हणायचे, "चष्म्याचा नंबर बदललाय." महिने उलटले, नंबर काढायला हे गेले नाहीत, आणि मीही ओढून नेलं नाही. खरं सांगते, मला भीती वाटत होती. ज्याच्यापाशी आपलं म्हणावं असं एकच कौशल्य आहे, त्याला तू आता हे करू नकोस असं कसं सांगायचं? मी मनाशी म्हणायचे, निवृत्त तर झालेत, आता कुठे गाडी चालवायचीय. गप्प बसण्यासाठी माणसाला कारण फार लांब शोधावं लागत नाही.

शेवटी लेकीने छोटी गाडीच नक्की केली. हे म्हणाले, "आधी मी चालवून बघणार. मगच हो म्हणेन." काशीमीऱ्याच्या शोरूममधून आम्ही निघालो. हे स्टिअरिंगवर, शेजारी डावीकडे लेक, मागे मी आणि शोरूमची एक बाई. तिने रीतीप्रमाणे लायसन पाहिलं आणि कौतुकाने म्हणाली, "सर इतने साल से चला रहे हैं, मुझे क्या टेन्शन!" हे हसले. मला हसू आलं नाही. अजून वेळ होता. नुसतं "थांबा" म्हणायचं होतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

हायवेच्या कडेला पोचलो तोच डाव्या बाजूने एक ट्रक एवढ्या जवळून हॉर्न देत गेला, की काचा थरथरल्या. ह्यांनी दचकून गाडी उजवीकडे घेतली. "काय चालवतात लोक!" असं पुटपुटले. लेकीने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं. मग हे गॅरेजांच्या गल्लीत वळले. दोन्ही बाजूंना उघडी इंजिनं, टायरांचे ढीग, ऑइलने काळी झालेली जमीन. पुढे डाव्या हाताला एक ट्रक उभा होता आणि त्याच्याखालून दोन पाय रस्त्यावर आलेले होते. कुणीतरी मिस्त्री उताणा पडून काम करत होता. एका पायात चप्पल होती, दुसरी बाजूला पडली होती. मला ते पाय दिसले. लेकीला दिसले. गाडीचा वेग मात्र कमी होईना, आणि चाकं सरळ त्या पायांवर निघाली होती.

"पप्पा!"

लेक ओरडली आणि त्याच क्षणी तिने दोघांच्या मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. गाडी गचका खाऊन बंद पडली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. चाक आणि ते पाय यांच्यामध्ये वीतभर जागा उरली असेल.

मिस्त्री सरपटत बाहेर आला. आधी त्याने आपले पाय पाहिले, मग गाडी, मग ह्यांना. शिवी देईल असं वाटलं होतं. पण तो हात पुसत खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "चाचा, आप तो ड्रायवर आदमी लगते हो. दिखा नहीं?" शिवी परवडली असती. ह्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

लेक खाली उतरली. ह्यांना उतरवून तिने एका बंद शटरजवळ समोर उभं केलं. "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही." तिने आपला हात ह्यांच्या डावीकडे, खांद्याच्या थोडा पुढे धरला. "किती बोटं आहेत?"

हे तिच्या नाकाकडे बघत राहिले. मग विचारलं, "कुठली बोटं?"

परतताना गाडी लेकीने चालवली. शोरूमच्या बाईने पाण्याची बाटली ह्यांच्या हातात दिली. घरी आल्यावर हे गॅलरीत जाऊन बसले आणि लेक स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "आणि तरी तू मागे बसलीस?" चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्या चार दिवसांतच ती ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला, डाव्या डोळ्यात फार पुढे गेलेला. डाव्या बाजूचं जे गेलंय ते परत येणार नाही, उरलेलं औषधाने राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. आणि गाडी चालवणं आजपासून बंद. हे इतकंच म्हणाले, "म्हणूनच इथे येत नव्हतो." म्हणजे ह्यांनाही ठाऊक होतं. एकाच घरात एकच गोष्ट दोघांनी एकमेकांपासून लपवली होती.

नंतर हे म्हणू लागले, गाडीच नको. लेकीने ऐकलं नाही. तीच छोटी गाडी तिने घेतली. ताबा घेण्याच्या दिवशी शोरूमच्या लोकांनी किल्ली ह्यांच्या हातात दिली, फोटो काढायला. हे सवयीने उजव्या दाराशी गेले, दार उघडलं आणि तसेच थबकले. आम्ही दोघी बघत राहिलो. मग हे एक पाऊल मागे सरकले, दार धरून लेकीला म्हणाले, "बैस. आधी आरसा लाव." आणि गाडीला वळसा घालून, पत्र्यावर हात टेकत टेकत डावीकडे जाऊन बसले.

त्या जागेवर हे आता रोजचेच झालेत. लेक उत्तनला निघाली की हेही निघतात, कधी कधी मीही. रस्त्यावर ह्यांची नजर कमी आणि कान जास्त असतात. "इंजिन रडतंय, खालचा गिअर टाक," म्हणतात, आणि ते बरोबरच असतं. परवा परतीच्या वाटेवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास गाडीत शिरला. तिथे समुद्र डाव्या हाताला येतो. पूर्वीचे हे असते तर नुसती मान हलवून दिसल्यासारखं केलं असतं, आणि मीही ते चालवून घेतलं असतं. वयाबरोबर डोळे जातात, गुडघे जातात, हाताचं कसब जातं. त्यांच्याबरोबर हा दिसल्याचा बहाणा गेला, तर ते नुकसान नव्हे असं मला वाटू लागलंय.

ह्यांनी मान न वळवता मला विचारलं, "अगं, समुद्र आला का?"

"आला," मी म्हटलं. "ओहोटी आहे. होड्या चिखलात टेकल्यात. एक निळी आहे, तिला नवा रंग देतायत."

"सांग अजून," हे म्हणाले. लेकीने गाडीचा वेग थोडा कमी केला, आणि मी सांगत राहिले.