जयवंतीच्या रक्तातली कात्री

तारापूरच्या एमआयडीसीत कामाला लागून जयवंती सावेला एकवीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत तिच्या हातून काचेचं एकही भांडं फुटलं नव्हतं. म्हणून दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी फ्लास्क निसटला, तेव्हा प्रयोगशाळेतले सगळेच वळून बघायला लागले. फ्लास्क जड नव्हता. आपण तो धरलाय असं तिला वाटत होतं, पण बोटांनी तो धरलेलाच नव्हता.

भांडी धुणारा चंद्रभान झाडू घेऊन आला. "मॅडम, हाथ में लगा तो नहीं?"

"नाही लागलं," ती म्हणाली आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

कंपनी एन्झाइम बनवायची. कपड्यावरचा दुधाचा, रक्ताचा डाग बारीक तोडून टाकणारा जो पदार्थ धुण्याच्या पावडरीत घालतात, तो. तोडायची त्याची ताकद मोजणं हे जयवंतीचं काम. साय काढलेलं दूध घालून थिजवलेल्या पांढऱ्या बशीत बारीक खड्डा पाडायचा, त्यात थेंब सोडायचा आणि थांबायचं. एन्झाइम चांगलं असेल तर खड्ड्याभोवतीचं दूध तुटून जातं आणि काचेसारखं स्वच्छ वर्तुळ उमटतं. वर्तुळ मोजायचं, आकडा लिहायचा, माल पुढे सोडायचा. एका पाळीत दोन-अडीचशे वेळा थेंब सोडायच्या पिपेटचं बटण अंगठ्यानं दाबावं लागे. आता पन्नासाव्यालाच अंगठा पेटून उठायचा.

घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी पाऊण तास बोटं मिटत नसत. ती लवकर उठून कोमट पाण्यात हात बुडवून बसायची आणि मग पालघरच्या नाक्यावर कंपनीची बस गाठायची. पण नवरा शैलेश पालघरजवळच्या माहीमला पानवेलीची वाडी करणारा माणूस. पानाच्या देठावरचा डागसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नसे.

"बांगड्या का काढल्यास?" त्यानं विचारलं.

"कामात अडकतात."

"एकवीस वरसं नाय अडकल्या त्या." त्यानं तिचा हात उलटासुलटा करून पाहिला. सांधे सुजून लाल झाले होते. "दुखते हाय तर बोलत का नाय?"

त्याच आठवड्यात तो तिला पालघरला डॉक्टर अनुज यांच्याकडे घेऊन गेला. रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे निघाले. आमवात, डॉक्टर म्हणाले. त्यातला रुमॅटॉइड म्हणतात तो प्रकार. जंतूंशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी तयार करतं, त्यातली काही उलटतात आणि आपल्याच सांध्यांच्या मागे लागतात. आठवड्यातून एकदा, दर रविवारी घ्यायची गोळी त्यांनी लिहून दिली. वर्षानुवर्षं घ्यावी लागेल, हेही सांगितलं.

गोळीनं गुण आला. होळीपर्यंत मूठ मिटायला लागली, बांगड्या परत चढल्या. खरं तर गोष्ट इथंच मिटायची. पण एप्रिलमध्ये दवाखान्यात तिला तेजल भेटली.

तेजल मुंबईहून यायची, डबाभर बर्फ आणि नळ्या घेऊन. आमवाताच्या रोग्यांच्या रक्तावर तिचं संशोधन चाललं होतं. जयवंतीनं संमतीच्या कागदावर सही करून हात पुढे केला आणि सुई आत असतानाच विचारलं, "शोधताय काय तुम्ही?"

"अँटीबॉडी नुसती जाऊन चिकटते, असं आपण शिकतो ना ताई? पण काहींच्या अँटीबॉडी चिकटतात आणि समोरचं प्रथिन तोडतातसुद्धा. एन्झाइमसारख्या."

जयवंतीचा हात हलला. तेजलला सुई धरून ठेवावी लागली.

"काय तोडतात?"

"तेच नक्की ठाऊक नाही. कदाचित सांध्यातलंच काही तोडत असतील, म्हणजे नुकसान. किंवा सूज वाढवणारी द्रव्यं तोडत असतील, म्हणजे साफसफाई. दोन्ही शक्य आहे."

"माझ्यात आहेत का तशा?"

"नमुन्यांवर फक्त क्रमांक असतो. कुणाचा कुठला, ते मलाही कळत नाही."

त्या दिवसापासून जयवंतीचं कशात लक्ष लागेना. दुधाच्या बशीतलं वर्तुळ मोजताना तिला वाटे, हेच माझ्या गुडघ्यात चाललंय का? बसमध्ये बसली की पाय हलवत राही, जेवताना मध्येच उठून फोनवर शोधत बसे. सापडे ते सगळं इंग्रजीत, आणि दर चौथ्या ओळीला 'कदाचित'. एकवीस वर्षं तिनं प्रत्येक प्रश्नाला आकडा दिला होता. स्वतःच्या रक्ताचा आकडा मात्र तिला कुणी देत नव्हतं.

मग तिच्या डोक्यात एक विचार शिरला आणि जाईना. ही रक्तातली कात्री साफसफाई करणारी असेल तर? गोळी अँटीबॉडीला गप्प बसवते. म्हणजे आपण झाडू मारणाऱ्यालाच घरी बसवतोय की काय? मे महिन्यातल्या एका रविवारी तिनं गोळी घेतली नाही. पुढच्या रविवारीही नाही. चार आठवडे काहीच झालं नाही, उलट तोंडाची कडवट चव गेली. तिला वाटलं, आपलंच बरोबर.

सातव्या आठवड्यात नाक्यावर बस आली, जयवंतीनं दांडी धरायला हात वर केला आणि बोटं वळलीच नाहीत. उजवा गुडघा पायरीवर चढेना. मागच्या बायका थांबल्या, मग कडेनं चढल्या आणि बस निघून गेली. ती तिथंच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि शैलेशला फोन लावला.

डॉक्टर अनुज सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "कुणी सांगितलं गोळी बंद करायला?"

"कुणी नाही. मीच ठरवलं." मग तिनं सगळं सांगितलं. शैलेश कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होता. त्याच्यासाठी यातलं सगळंच नवीन होतं.

स्कूटरवर परतताना केळवे रोडच्या फाट्यावर त्यानं वेग कमी केला. मग म्हणाला, "माज्याशी बोलली असतीस तर मी काय सांगणार होतो? मला काय कळते त्यातला. पण तू एकटी नसतीस."

सुजलेल्या हातांनी जयवंतीला त्याला धरताही येत नव्हतं, म्हणून तिनं कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं.

संध्याकाळी तेजलचा फोन आला. डॉक्टरांनी कळवलं होतं. "ताई, मी असं म्हटलं नव्हतं हो," ती रडवेली झाली होती.

"नव्हतंच म्हटलं. तुम्ही 'ठाऊक नाही' म्हणालात. ते मीच ऐकलं नाही."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सोबत काही दिवस स्टेरॉइड. जयवंती महिनाभर घरी होती. वाडीत पानं खुडणं तिला जमेना, नुसतं बसून राहणं त्याहून जमेना. घर ते विहीर ते घर अशा फेऱ्या मारता मारता तिला कंपनीतली एक जुनी भानगड आठवली आणि त्यातून एक प्रश्न सुचला. जुलैत तेजल दवाखान्यात आली तेव्हा तो तिनं तसाच विचारला.

"तोडणारी चीज अँटीबॉडीच आहे कशावरून? रक्तातलं साधं एन्झाइम तिला चिकटून आलं असेल तर? कणभर असलं तरी पुरतं."

तेजल हसली. "आम्हाला सगळे हेच विचारतात. म्हणून तर आम्ही आम्लानं धुतो, एन्झाइमला रोखणारी वेगवेगळी द्रव्यं घालून बघतो."

"अँटीबॉडी वेगळी कशी काढता?"

"बारीक मण्यांनी भरलेली नळी असते, कॉलम. त्यातून रक्तातलं पाणी सोडायचं. अँटीबॉडी मण्यांना धरून राहते, बाकीचं वाहून जातं."

"दर माणसाला नवी नळी?"

"नाही, तीच धुऊन वापरतो."

"आणि आधी कुणाचे नमुने घातले? आजाऱ्यांचे की निरोग्यांचे?"

तेजलनं फोनवर नोंदी उघडून पाहिल्या. मग म्हणाली, "निरोग्यांचे. सगळे आधी."

"आमच्याकडे एकदा तीन दिवस सगळ्या मालाचे आकडे चढे आले होते. आम्ही खूश. आमची तशीच नळी उघडली तर आधीच्या मालाचं एन्झाइम मण्यांत साठत गेलं होतं. जो नमुना मागून येईल तो तेज दिसायचा." जयवंतीनं मांडीवरची पर्स नीट केली. "तुमच्याकडे असं झालंच असेल असं नाही म्हणत मी."

तेजलनं नळ्या डब्यात भरल्या आणि चहा न घेताच निघून गेली. नंतर दोन महिने तिचा फोन नाही, मेसेज नाही. आपण त्या पोरीची कित्येक वर्षांची मेहनत मोडली, या विचारानं जयवंतीला चैन पडेना.

दरम्यान ती कामावर परतली होती. मॅनेजरनं तिला कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं होतं. तिथं ती तीन आठवडे बसली, मग सरळ त्याच्या केबिनमध्ये गेली. "मला बॅटरीवर चालणारी पिपेट द्या आणि माझी जागा परत द्या. हात गेलाय, नजर नाही गेली." पिपेट यायला दीड महिना लागला, पण आली.

ऑक्टोबरात तेजल दवाखान्यात दिसली. वाळली होती.

"दर नमुन्याला नवी नळी घेतली," बसताच ती म्हणाली. "नमुन्यांचा क्रम उलटापालटा करून, कुणाचा कुठला ते न बघता सगळं पुन्हा केलं. दोन-तृतीयांश गेलं, ताई. ते खोटं होतं."

"आणि बाकीचं?"

"थोड्याच रोग्यांमध्ये उरलं. कसंही धुतलं तरी जात नाही. ते खरं असावं."

"त्यात मी आहे का?"

"सांगता येत नाही."

"चांगलं की वाईट?"

"तेही अजून नाही."

जयवंतीनं नाकातून श्वास सोडला. तिला रागही आला आणि या पोरीबद्दल बरंही वाटलं. आकडा खोटा निघाला की लोक आधी तो लपवतात, हे तिनं कारखान्यात पाहिलं होतं. तेजलनं बॅगेतून कोरा कागद काढला. तुमच्याकडे कॉलम कसे धुतात ते लिहून द्याल का, आमच्या मुलांना शिकवायचंय, असं ती म्हणाली. जयवंती लिहायला बसली. पेन जाड करण्यासाठी तिनं त्याला रुमाल गुंडाळला. अक्षर वाकडं येत होतं. दुसऱ्या ओळीवर तिनं काट मारली, कारण पाण्याचं तापमान लिहायचं राहिलं होतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाहेर शैलेश स्कूटरचा हॉर्न वाजवत होता.

"थांबा म्हणावं त्यांना," वर न बघता ती म्हणाली. "अजून पाच मुद्दे आहेत."