मधला कागद

मला फसवलं ते माझ्या मित्राने. तो पुण्याचा, इथे आखातात बँकेत नोकरीला. झिंजमधल्या त्याच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर जे जपानी चित्र टांगलंय, ते माझं आहे.

माझं हूऱ्यात पडद्यांचं दुकान आहे. मआमीरच्या गोदामात गोणी उचलण्यापासून सुरुवात करून इथवर आलो. देश सोडून निघालेल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाचे पडदे मीच शिवले होते, तेव्हा त्याच्या भिंतीवर ती चित्रं पाहिली. लाकडी ठशांवरून छापलेले तीन कागद, शेजारी शेजारी लावले की एक प्रसंग. तिन्हींवर काबुकी नावाच्या जपानी नाटकातले नट. डावीकडे डोळे तिरळे करून पायाचा अंगठा ताणलेला योद्धा, उजवीकडे तलवार उपसलेला म्हातारा आणि मध्ये त्यांना अडवणारी बाई. बाई म्हणजे पुरुषच. म्हाताऱ्याने दाखवलं, कपाळावरचा जांभळा रुमाल भादरलेलं डोकं झाकण्यासाठी असतो.

माझे वडील दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. त्यांचा लुगड्यातला एकही फोटो आमच्याकडे नाही. चित्रातल्या त्या मधल्या नटाचा जबडा रुंद, हात मात्र नाजूक वळवलेला. अगदी तसेच वडील.

हे सगळं मी मित्राला गाडीत सांगितलं. इंग्रजाने घरातलं सामान विकायला काढलं होतं आणि आम्ही तिकडेच निघालो होतो.

ज्या वस्तूवर जीव आहे तिला मी नेहमी शेवटी हात लावतो. म्हणून म्हाताऱ्याला म्हणालो, "मधला फिका पडलाय. जोडही नीट लागत नाही. बाजूचे दोन देऊन टाका." त्याचं तोंड उतरलं, पण त्याने दिले. दुसऱ्या दिवशी, आवराआवरीच्या घाईत, तो मधला मला फुकटच, मिठाईसारखा हातात ठेवेल, हा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर खिळाच होता. "तुमचे मित्र कालच संध्याकाळी घेऊन गेले," म्हातारा म्हणाला. "त्यांनी घासाघीस केली नाही."

मी तसाच झिंजला गेलो.

"अरे, तूच म्हणालास ना, फिका आहे?" मित्र सोफ्यावरून उठलाही नाही. "मला वाटलं, तुला नकोय."

"सौद्यातलं बोलणं खरं धरतात होय रे?"

"आम्ही पुण्याची माणसं. समोरचा बोलतो तेच ऐकतो."

"आणि गाडीत बोललो ते?"

"चहा घेणार?" तो म्हणाला.

बायको म्हणते, "अहो, विषय खलास करा आता. कागदच तो." कागद! माझ्या भिंतीवर दोन माणसं मधल्या रिकाम्या जागेकडे डोळे वटारून बघतायत आणि इथल्या मराठी मंडळातले लोक मित्राच्या घरी जाऊन मान डोलावतात, "वा, काय नजर आहे तुमची!" नजर त्याची? ते चित्र कसं बघायचं, हे त्याला मी शिकवलं!

आता त्याची बदली झालीय. पुढच्या आठवड्यात सामान पुण्याला चाललंय.

मी पडेल तो भाव द्यायला तयार आहे, घासाघीस न करता. पण आधी त्याने माझ्यासमोर उभं राहून एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. सौद्यातलं माझं बोलणं तुला शब्दन् शब्द आठवतं. मग गाडीत वडिलांबद्दल बोललो, तेव्हा तुझे कान कुठे होते? बोल.