खळ्यातली रिंग

अख्ख्या रायगड किनाऱ्यावर माझ्या धाकट्या नणंदेइतकं उंच माणूस नाही, आणि तिच्याइतकं हट्टी तर समुद्रापलीकडेही सापडायचं नाही. बाई राज्याच्या संघातून बास्केटबॉल खेळून परतली तेव्हा कोळीवाड्यानं मांडव्याच्या जेट्टीवर बँड लावला होता. सत्काराच्या शालीनं तिनं घरी येऊन होडीचं इंजिन झाकलं. जिंकलेल्या कपात आजही सुका जवळा असतो. एका पत्रकारानं विचारलं, या कपाचं तुमच्या आयुष्यात काय स्थान? तर म्हणाली, झाकण घट्ट बसतं, जवळा मऊ पडत न्हाय. बिचारा वही मिटून गेला.

मानाबद्दल मात्र तिचे विचार फार कडक. किनाऱ्याच्या वाळूत, आमच्या बोंबील वाळवायच्या खळ्यात, तिनं खांब रोवला, टेपनं मोजून बरोब्बर दहा फुटांवर रिंग लावली आणि कायदा केला. दहा चेंडूंत एक तरी पडला तर मान, नाहीतर तुम्ही 'राखीव', म्हणजे बाकावर बसणारा गडी. मग समोर सरपंच का असेना. आता मी तिच्या थोरल्या भावाची बायको. 'वैनी' म्हणवून घेणं माझा हक्क की नाही? पण अकरा वर्षं मी त्या घरात राखीव होते. पाहुण्यांसमोरसुद्धा, राखीव, चहा टाक! नुसता जळफळाट व्हायचा माझा. दर रविवारी पदर खोचून दहा चेंडू टाकायचे, आणि कितीही जोर लावला तरी दहाही रिंगच्या खालीच धडकायचे.

रविवारी आणखी एक छळ असे. प्रत्येकानं आठवड्यातली आपली एक चूक सगळ्यांसमोर सांगायची, माणूस म्हणे त्यानंच वाढतो. सासूबाई दर वेळी माझीच सांगत. नणंदबाई स्वतः काही सांगत नसे, कारण तिची चूक कधी होतच नसे.

गेल्या वर्षी तिनं याच रिंगवर शिकवलेल्या मुली जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरल्या. आम्ही सगळे टेम्पो करून गेलो. मुलींनी असे चेंडू फेकले की एकूण एक बोर्डाच्या पलीकडे. सपाटून हरल्या. घरी येताच नणंदबाईनं खांबाला टेप लावला. सव्वाअकरा फूट! रिंग जागच्या जागी होती, पण दर पावसाळ्यात दर्या खळ्यातली थोडी थोडी वाळू नेत होता, आणि पहिल्या दिवसानंतर कुणी मोजलंच नव्हतं. दर्यावर जन्म काढलेली माणसं आम्ही, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढच्या रविवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "चूक माझी हाय. पोरींची न्हाय."

सासूबाई माझी चूक सांगायच्याच विसरल्या. सरपंचांनी लगेच मागल्या वर्षांचा मान मागून पाहिला, तो काही मिळाला नाही. रिंग खाली घेतली आणि पहिली पाळी माझी आली. म्हटलं, आता काय, डोळे मिटून पडेल. पण हाताला अकरा वर्षांची सवय. चेंडू रिंगवरून थेट बोंबलांत. सगळे हसले, आणि मला खरंच रडू यायला लागलं.

नणंदबाईचा गुडघा आता वाकत नाही. तरी ती लंगडत गेली, बोंबलांतून चेंडू काढला, ओढणीला पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"वैनी, घे. परत टाक."

तोही चुकला. आता पावसाळा सरला की ती आधी खांबाशी वाळू मोजते, मग 'वैनी' म्हणून मला हाक मारते. माझा एकही चेंडू अजून पडलेला नाही.